डावा माझा, उजवा शालनचा

स्कूटर मी चालवत होतो हे मी कबूल करतो. बाकी काही कबूल करत नाही.

त्या सकाळी मी आणि शालन घरून दुकानाकडे निघालो होतो. कुसगावच्या फाट्याजवळ एक मोठी गाडी आमच्या शेजारून चालू लागली, काच खाली झाली आणि आतल्या गॉगलवाल्यानं धरणाचा रस्ता विचारला. लोणावळ्याच्या आसपास राहणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य असले रस्ते सांगण्यात जातं. मी उजवा हात सोडून उजवीकडचा रस्ता दाखवला. नेमका त्याच वेळी मागे बसलेल्या माझ्या बायकोनं डावा हात लांब करून डावीकडचा दाखवला. स्कूटरला काही समजेना. मी उजवीकडे पडलो, शालन डावीकडे पडली, आणि गॉगलवाला सरळ निघून गेला.

माझा उजवा हात मोडला, तिचा डावा. हाडाच्या डॉक्टरांनी आम्हाला एकाच बाकड्यावर बसवून कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे काढायचं नाही म्हणून बजावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला, की एका स्कूटरवरून दोघं दोन बाजूंना पडलात कसे. त्याचं उत्तर देता देता आमचं जे भांडण जुंपलं, ते घरी येईपर्यंत अबोल्यात बदललं. आता जे काही सांगायचं ते मुलीमार्फत.

अबोला आम्हाला नवीन नाही. वर्षातून दोन-तीन तरी होतात. पण ह्या वेळी त्याची वेळ फार चुकली, कारण त्या मुलीचंच लग्न पाच आठवड्यांवर आलं होतं आणि पत्रिका छापायची राहिली होती.

पायल आमची एकुलती एक. हिंजवडीत सॉफ्टवेअरच्या कंपनीत आहे. मुलगा दारुंब्र्याच्या वाघोल्यांचा, नाव स्वराज. चांगला आहे, उंच आहे, माझ्याशी बोलताना मोबाईल खिशात ठेवतो. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. माझी काळजी पत्रिकेची होती.

पत्रिका म्हणजे माझा प्रांत. कुसगावात माझं टायपिंग आणि डीटीपीचं दुकान आहे. सव्वीस वर्षं मी मावळातल्या लोकांच्या लग्नपत्रिका करतोय. कुणाच्या घरात किती चुलते, त्यातला कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचं नाव कुणाच्या खाली गेलं की मांडवात राडा होतो, हे मला तोंडपाठ आहे. पायल जन्मली त्या दिवशी मी दवाखान्यातून थेट दुकानात आलो होतो, एका गिऱ्हाइकाची पत्रिका पुरी करायला. तेव्हाच ठरवलं, हिची पत्रिका मी माझ्या हातानं करणार, परक्या माणसाचं बोट लागू देणार नाही. हे मी आजवर येईल त्या प्रत्येकाला ऐकवत आलोय, त्यामुळे आता माघार घ्यायची सोय राहिली नव्हती.

त्यात अमृतचा फोन आला. ह्या अमृतनं माझ्या दुकानात सहा वर्षं काम केलं आणि आता लोणावळ्याच्या बाजारात स्वतःचं एसी दुकान थाटलंय. तो मोबाईलवर तयार साच्यात नावं भरतो. नावाच्या जागी नाव, तारखेच्या जागी तारीख, वर एक नाचणारा गणपती, की झाली पत्रिका. मला म्हणाला, "काका, तुमी आराम करा. पायलची पत्रिका मी करतो. धा मिंटांचं काम हाये." मी फोन ठेवला आणि हात टेबलावर आपटला. हात प्लास्टरमधला निघाला.

एका हातानं टाइप करून बघितलं नाही असं नाही. पण सव्वीस वर्षं दोन्ही हातांनी टाइप करणाऱ्या माणसाचा एक हात बांधला की उरलेला हातही बावचळतो. अर्ध्या तासात माझ्या हातून गणपतीचं नाव आणि निम्मी कुलदेवता एवढंच झालं. मग शालन बसली. तिनं लग्नाआधी तळेगावच्या टायपिंग क्लासातून परीक्षा दिलेली आहे आणि तिचा वेग माझ्यापेक्षा जास्त आहे. हे मी इथं लिहितोय, कारण ती हे वाचायला येणार नाही. पण तिचंही तेच झालं. डाव्या बाजूचं अक्षर आलं की प्लास्टरमधला हात आपोआप पुढे यायचा आणि एकदम सहा बटणं दाबून ठेवायचा.

शनिवारी पायल घरी आली, आमची दोघांची प्रगती बघितली आणि शांतपणे मुदत घातली. रविवारी संध्याकाळी सहाला पत्रिका पुण्याच्या छापखान्याला मेल व्हायला हवी. नाही झाली, तर सहा वाजून एक मिनिटानं ती अमृतला फोन करणार. हट्टीपणा तिनं कुणाकडून घेतलाय ह्यावर आमच्यात मतभेद आहेत.

मुदत घालून ती आपलं ऑफिसचं काम करायला बसली आणि बॅगेतून कीबोर्ड काढला. मला वाटलं, बिचारीचा कीबोर्ड बॅगेत मोडला. सरळ दोन तुकडे झालेले आणि मधे एक वायर लोंबत होती. शिवाय वापरून वापरून अक्षरंही पुसली गेलेली, एकाही बटणावर काही नाही. शालननं कपाट उघडलं आणि चिकटवायची ट्यूब आणून त्या तुकड्यांशेजारी ठेवली.

पायलनं ट्यूब लांब सरकवली. कीबोर्ड असाच असतो म्हणाली. मनगटं दुखू नयेत म्हणून दोन हातांना दोन वेगळे तुकडे, एक डावा, एक उजवा, आणि हवे तेवढे लांब ठेवायचे. अक्षरं छापलेली नसतात, कारण कुठल्या बटणावर कुठलं अक्षर हे आपलं आपण ठरवायचं आणि लॅपटॉपमधून तसं बसवायचं. बोटांना आधीची सवय असते तसंच सगळं मांडून घ्यायचं. एवढं बोलून ती माझ्या प्लास्टरकडे बघू लागली. मग आईच्या प्लास्टरकडे. मग परत माझ्याकडे.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचा डावा हात चालतो ना? आणि आईचा उजवा."

मला ते पटायला चहा होईपर्यंत वेळ लागला. शालनला लगेच पटलं, पण मला पटेपर्यंत ती तसं दाखवणार नव्हती.

दुपारी आम्ही दुकानात एकाच टेबलाला दोन खुर्च्या लावून बसलो. डावा तुकडा माझ्यापुढे, उजवा शालनपुढे, मधे वीतभर जागा आणि दहा दिवसांचा अबोला. पायल मागे लॅपटॉप घेऊन उभी राहिली, आम्हाला सवयीचं होईल असं एकेक अक्षर बसवायला.

आमच्या दुकानातल्या नेहमीच्या कीबोर्डवर डाव्या हाताला सगळ्या मात्रा असतात. काना, वेलांट्या, उकार, अनुस्वार, पाय मोडायची खूण, आणि खाली म, न, व ही तीन अक्षरं. बाकीची सगळी व्यंजनं उजव्या हाताला. म्हणजे अक्षरं शालनला मिळाली आणि मला त्यांच्यावरचं-खालचं सगळं. एकट्याला कुणालाच धड ओळ लिहिता येणार नव्हती. अपवाद म्हणजे 'मामा'. हा अख्खा शब्द माझ्या बाजूला आला, आणि नेमका तोच मला लिहायचा नव्हता. त्याचं कारण पुढे येईल.

पहिलं भांडण 'व' ह्या अक्षरावरून झालं. व माझ्या बाजूला होता. पण शालन म्हणे गेली वीस वर्षं व उजव्या हातानंच दाबते. अखंड कीबोर्डवर ते खपून जातं. इथं तिचं बोट दर वेळी कीबोर्डच्या बाहेर जाऊन टेबलावर टकटक करायला लागलं. ती पायलला म्हणाली, तुझ्या बाबांना सांग, व माझा. मी पायलला म्हणालो, तुझ्या आईला सांग, क्लासात तिला चुकीचं शिकवलं. लग्नाच्या पत्रिकेत व सोडायला कोण तयार होणार. 'श्री. व सौ.' शिवाय आमचा धंदाच नाही. शेवटी पायलनं दोन्ही तुकड्यांवर एकेक व बसवला. असं करता येतं हे मला माहीतच नव्हतं.

बटणं कोरी होती म्हणून शालननं आपल्या बाजूला खुणेच्या टिकल्या लावल्या. क ला लाल, र ला हिरवी, असं. मी चहा आणायला गेलो तेवढ्यात माझ्या बाजूलाही लावून टाकल्या. त्या घामानं बोटांना चिकटायच्या. तासाभरानं मी पलीकडच्या टपरीवर गेलो तेव्हा घाम पुसताना त्यातली एक माझ्या कपाळावर गेलेली होती. टपरीवाल्यानं मला चहा दिला आणि पायलचं लग्न कधी आहे ते विचारलं, टिकलीबद्दल मात्र काही विचारलं नाही. ती मला घरी आरशात दिसली.

सराव सुरू झाला तेव्हा पडद्यावर जे उमटलं ते कुठल्याच भाषेत नव्हतं. मी काना द्यायचो तेव्हा अक्षर आलेलं नसायचं, आणि अक्षर यायचं तेव्हा माझा काना भलत्यालाच लागलेला असायचा. पायल म्हणाली, मोठ्यानं बोला, म्हणजे समोरच्याला कळेल. बोलायचं नसेल तर नुसती अक्षरं बोला. तशी मग आम्ही सुरुवात केली. शालन म्हणायची "क". मी म्हणायचो "काना". ती म्हणायची "ल". मी म्हणायचो "पुढं". दहा दिवसांत आम्ही एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द होते आणि त्यात भांडायला कुठंच जागा मिळत नव्हती.

चारच्या सुमाराला आमचे हात बसले. मजकूर सरसर पुढे सरकू लागला. कुलदेवता झाली, मुहूर्त झाला, जेवणाची वेळ झाली, मंगल कार्यालयाचा पत्ता झाला. मी मनात म्हटलं, अमृत, दहा मिनिटांचं काम काय असतं ते ये बघायला. मग नावांची यादी आली आणि गाडी अडली.

शालनचा भाऊ प्रदीप सुदुंबऱ्याला असतो. चार वर्षांपूर्वी तिथल्या उरसाला मी गेलो होतो. पंगतीत त्यानं धाकट्या मेहुण्याच्या ताटात दोन नळ्या वाढल्या आणि मला नुसता रस्सा आणि मानेचा एक तुकडा. मी थोरला जावई. मी हात धुतले आणि निघून आलो. तेव्हापासून प्रदीपचं आणि माझं बोलणं नाही. माझ्या पत्रिकेत त्याचं नाव येणार नव्हतं.

शालन म्हणाली, "प." मी गप्प बसलो. ती म्हणाली, "र." मी पंख्याकडे बघू लागलो. तिनं एकटीनं सगळी अक्षरं दाबली आणि पडद्यावर 'परदप' उमटलं. मी खोडायचं बटण दाबून ते पुसलं. तिनं परत लिहिलं. मी परत पुसलं. मग मी माझ्या थोरल्या बहिणीचं, टाकव्याच्या झुंबरबाईचं नाव घ्यायला सांगितलं. आता पंख्याकडे बघायची पाळी शालनची होती. झुंबरबाई आमच्या घरी आली की पाणी प्यायच्या आधी कपाटावरून बोट फिरवते आणि ते बोट शालनला दाखवते, हे खरं आहे. पण ती पायलची सख्खी आत्या आहे. मी माझ्या बाजूनं जेवढं लिहिता येत होतं तेवढं लिहिलं. उकार, अनुस्वार, काना आणि शेवटची ई. खाली अक्षरच नसल्यामुळे ते सगळं हवेत लटकून राहिलं. शालननं ते पुसलं.

हे वीस मिनिटं चाललं. मग पायलनं आमच्या दोघांच्या खोडायच्या बटणांची ताकद काढून घेतली. ह्या कीबोर्डवर दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय काम होणार नाही अशीही सोय असते म्हणे. तिनं एक बटण माझ्याकडे ठेवलं, एक आईकडे. दोघांनी एकाच वेळी दाबलं तरच खोडलं जाईल.

झालं. 'परदप' आणि लटकलेली झुंबरबाई तिथंच राहिली. पुरी करायला दोघं लागणार होते, आणि पुसायलाही दोघंच. दिवे लागेपर्यंत आम्ही त्यांच्याकडे बघत बसलो आणि मग दुकान बंद करून घरी गेलो.

रविवारी सकाळी अमृत दुकानात हजर. तब्येत विचारायला आलो म्हणाला आणि बसायच्या आधी मोबाईल काढून पायलपुढे धरला. त्यानं पत्रिका करूनच आणली होती. नाचणारा गणपती होता, गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या, सनई वाजत होती. सगळी नावं जागच्या जागी. मामा श्री. प्रदीप, आत्या श्रीमती झुंबरबाई. कुणी वगळलेलं नाही. मग त्याची नजर आमच्या पडद्यावर गेली आणि त्यानं अगदी साध्या मनानं विचारलं, "काका, हे परदप कोण?"

माझ्या दुकानातून सव्वीस वर्षांत चुकीचं नाव बाहेर गेलेलं नाही आणि माझ्याच शिष्यानं माझ्याच पडद्यावर ते वाचावं, ह्याची मला इतकी लाज वाटली की कान तापले. त्याहून वाईट म्हणजे पायल ती मोबाईलवरची पत्रिका दोनदा बघत होती. चांगली आहे, एवढंच म्हणाली. मला पहिल्यांदाच खरी भीती वाटली, की सहा वाजतील आणि माझ्या मुलीच्या पत्रिकेला माझा हात लागणार नाही.

अमृत गेल्यावर शालननं खुर्ची पुढे ओढली. भांडणातली जागा मोकळी सोडून बाकीची नावं तरी संपवू, असं तिनं पायलला सांगितलं, म्हणजे मला सांगितलं. माझ्या चुलत्यांपासून सुरुवात करू म्हणाली. हे तिचं मोठेपण आहे असं मला वाटलं. मी बेसावध झालो तो इथंच.

सुरुवातीला अक्षरं मोठ्यानं चालली होती. मग आवाज कमी झाला, आणि दहा-बारा नावांनंतर कुणीच काही बोलेना. गरजच राहिली नाही. तिचं अक्षर पडलं की माझं बोट आपोआप पुढचं देत होतं. सोपान, ज्ञानोबा, किसन, दत्तात्रय. मला बटण कुठं आहे हे बघावं लागत नव्हतं, शोधावंही लागत नव्हतं. वीस वर्षं आम्ही त्या दुकानात आळीपाळीनं एकाच खुर्चीवर बसून हेच करत आलोय. माझी बोटं तिची अक्षरं ओळखत होती. शालन वेग वाढवत होती. मीही मागे हटत नव्हतो. मला तर मजा यायला लागली होती.

प्रभाकर आला. पाय मोडला, र, भ, काना, क, र. प्रल्हाद आला. पाय मोडला, र, पुढं चला. प्रकाश आला. पुन्हा पाय मोडला. मग आणखी एक प आला. पाय मोडला, र, द, वेलांटी, प.

मी पुढच्या नावाची वाट बघत बोट तयार ठेवून बसलो. पुढचं नाव येईना. मागून पायलच्या हसण्याचा आवाज आला. मी पडद्याकडे नीट बघितलं, तर माझ्या चुलत्यांच्या रांगेत, प्रकाशतात्यांच्या खाली, माझ्याच बोटानं लिहिलेला प्रदीप बसला होता.

मी खोडायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. शालननं आपला चांगला हात पदराखाली घेतला होता. मी आणखी दोनदा दाबलं. ती भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

मला राग आला. खरं सांगायचं तर तो फार टिकला नाही. ते नाव तिथं बघून मला बरं वाटलं. प्रदीप हा एकच माणूस होता जो माझे विनोद दुसऱ्यांदा ऐकतानाही हसायचा. त्या उरसापासून माझ्या विनोदांना घरात कुणी हसत नाही. एका नळीपायी मी चार वर्षं त्याच्याशिवाय काढली हे मला त्या वेळी फार मूर्खपणाचं वाटलं, आणि ते मोठ्यानं कबूल करायला लागू नये म्हणून मी पायलला म्हणालो, हे नाव चुकीच्या जागी आलंय. चुलत्यांत नको. उचल आणि मोकळ्या सोडलेल्या जागी ने. तिनं नेलं. वर 'मामा' हा शब्द मी माझा मी टाइप केला, कुणी सांगितलं नव्हतं.

शालननं हात पदरातून बाहेर काढला. आम्ही दोघांनी मिळून जुना 'परदप' खोडला, मग लटकलेल्या मात्रा खोडल्या. मग तिनं आपणहून झ दाबला.

मी श्वास धरून उकार दिला, अनुस्वार दिला. ब, र, ब. मी काना दिला. ई द्यायच्या आधी ती माझ्याकडे वळली आणि अकरा दिवसांत पहिल्यांदा, पायलला मधे न घालता, सरळ माझ्याशी बोलली.

"वन्सं येतील तवा कपाटावरची धूळ तुमी पुसायची. त्या यायच्या आदी."

मी व्हय म्हणालो आणि ई दिली.

त्यानंतर दुपार कशी गेली कळलं नाही. निमंत्रक झाले, प्रेषक झाले, चिमुकल्यांच्या आग्रहाची ओळ झाली. शालननं धरणाचा रस्ता डावीकडेच आहे असं एकदा म्हणून बघितलं; मी ऐकलं नाही असं दाखवलं. साडेपाचला पत्रिका पुरी झाली होती. फक्त एक नाव राहिलं होतं.

नवरीचं नाव मी कायम शेवटी टाइप करतो. ते मोठ्या अक्षरात येतं आणि एकदा ते दिसलं की घरचे लोक बाकीचं काही तपासत नाहीत, नुसते त्या नावाकडे बघत बसतात. म्हणून आधी सगळं तपासून घ्यायचं, मग नवरी. खाली नवरदेवाचं नाव तयार होतं. 'चि. सौ. कां.' लिहून झालं होतं. त्याच्या पुढची जागा रिकामी होती. मी अक्षर मोठं करून घेतलं आणि शालनला खुणेनं चल म्हणालो.

शालननं प दाबला.

आता माझी पाळी. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ह्या नावात माझं काय आहे तर एक काना. य तिच्याकडे, ल तिच्याकडे, सुरुवात तिची, शेवट तिचा. सव्वीस वर्षं मी ज्या पत्रिकेबद्दल सगळ्या मावळाला सांगत होतो, तिच्यात माझ्या मुलीच्या नावासाठी माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे हा एक दांडा. तो दिला की मी रिकामा. त्यापुढे सहाच्या आत मेल, मग छापखाना, मग मांडव.

मी बोट बटणावर ठेवलं. दाबवेना. मागे पायल उभी होती, तिचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता. शालन वाट बघत होती. नेहमी तोंडाळ बाई, पण आता हळू आवाजात म्हणाली, "द्या की."

मी काना दिला.

दिला आणि पडद्याकडे बघत राहिलो. मोठ्या सोनेरी अक्षरात 'पा' आला होता. ती लहान होती तेव्हा दुकानात टेबलाखाली बसून छापील पत्रिकांचे चुकलेले कागद फाडायची, त्यांची पाखरं करायची आणि मी हाक मारली की टेबलाखालूनच ओ द्यायची. डोळ्यांत पाणी आल्यामुळे मला पडदा नीट दिसेना. पुसायला एक हात प्लास्टरमध्ये आणि दुसरा बटणावर. पडद्यावर काहीतरी हलत होतं, पण ते डोळ्यांतल्या पाण्यामुळे हलतंय असं मला वाटलं.

"बाबा," मागून पायल म्हणाली, "बोट उचला."

कान्यापुढे काने लागत चालले होते. एक ओळ भरली, दुसरी भरली, सोनेरी दांडे खाली खाली सरकत होते. मला ऐकू आलं होतं. कळलंही होतं. पण माझं बोट काही निघत नव्हतं.

"बाबा, उचला ना आता," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज बदललेला होता.

शेवटी शालननं आपला चांगला हात मधल्या वीतभर जागेतून इकडे आणला, माझं बोट धरलं आणि अलगद वर उचललं. तोवर जावईबापू दुसऱ्या पानावर गेले होते.